हरसूलच्या वाटांना कोणता टायर?

गिरणारेमार्गे वाघेरा घाट ओलांडून हरसूलपर्यंत डांबरावर कुठलाही टायर चालतो. खरी परीक्षा पुढे पाड्यांच्या वाटेवर: ओला मुरूम, भातखाचरांच्या कडेचा चिकट गाळ आणि पाण्याखाली गेलेली फरशी.

मोठे टायर टाकायची हौस असेल तर आधी जुन्या टायरच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. बोलेरोवर 215/75 आर 15 दिसेल. 215 मिलिमीटर रुंदी, तिच्या 75 टक्के बाजूची उंची, म्हणजे 161 मिमी, आणि 15 इंचांची रिम, म्हणजे 381 मिमी. वरची आणि खालची बाजू रिममध्ये मिळवली की चाकाचा व्यास सुमारे 704 मिमी होतो. आता 235/75 टाका: व्यास 734. तीस मिलिमीटर वाढले खरे, पण अ‍ॅक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, जेमतेम 15. बदल्यात काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते आणि भरल्या गाडीला चढावर खालचा गिअर लवकर लागतो. ब्रेकवरही ताण वाढतो.

रुंदीचा मोह तर त्याहून फसवा. गाळाखाली कडक मुरूम असेल, तर अरुंद टायर गाळ कापून तळ गाठतो. रुंद टायर वरच्यावर घसरतो. खाचरासारखा खोल चिखल असेल तिथे मात्र रुंद टायर कमी रुततो. पण खाचरात गाडी घालायचीच कशाला?

माझ्या मते इथे लक्ष द्यावं ते बाजूच्या उंचीकडे. चिखलात थोडी हवा सोडली की टायर पसरून जास्त जमीन धरतो, आणि बाजू उंच असेल तर दगडावर आदळूनही रिम वाचते. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या थारचंच पाहा. 2020च्या मॉडेलमध्ये 255/65 आर 18 आणि 245/75 आर 16 असे दोन्ही टायर आले. अठरा इंची चाक एकूण थोडं मोठं, पण त्याची बाजू 166 मिमी. सोळा इंचीची 184. दिसायला अठरा, दगडांना सोळा. डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो आणि वळणावर रिमवरून निसटू शकतो.

आकारापुढचा आकडा भाराचा. 100 असेल तर एका टायरला 800 किलो. बाजाराच्या दिवशी टपावरही पोती चढणार असतील, तर याहून कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी नको. बाहेर आलेली रिम रुबाबदार दिसते, पण बेअरिंग लवकर खाते. आणि कंपनीने त्या गाडीला दिलेल्या आकारांबाहेर जायचं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

टायर बसवल्यावर गाडीत माणसं भरा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि मडगार्डला कुठे घासतं ते बघा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर स्टेपनीही त्याच मापाची घ्या. एक चाक लहान-मोठं झालं की सगळा ताण गिअरपेटीवर येतो.