मनोऱ्यामागचा कापूस

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्ञानाचे प्रतीक म्हणून ओळखला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच्याकडे जमाखर्चाच्या वहीचे एक पान म्हणूनही पाहावयास हवे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस बंद होताच लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. भाव गगनाला भिडले, शहरात पैशाचा पूर आला आणि त्याबरोबर शेअरांचा सट्टाही बोकाळला. या सट्टाबाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये, तेजी ऐन भरात असताना, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले. पुढे मनोऱ्यासाठी आणखी तेवढेच दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि बाजार कोसळला. पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. तात्पर्य, १८६९ मध्ये मनोऱ्याची पायाभरणी झाली तेव्हा दात्याचे वैभव ओसरले होते. हाती राखलेले गेले, देऊन टाकलेले तेवढे उरले!

आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नव्हते. लंडनच्या प्रसिद्ध घड्याळ-मनोऱ्याची आठवण करून देणारी, व्हेनिशियन आणि गॉथिक वळणांची ही वास्तू सुमारे २८० फूट उंच आहे. खाली ग्रंथालय, वर घड्याळ अशी तिची रचना. परक्या घाटाच्या या इमारतीवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्ती मात्र येथल्याच मुकुंद रामचंद्र यांच्या हातच्या आहेत.

हे बांधकाम चालू असतानाच, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या उठावामागे जड सारा आणि कर्ज यांच्या जोडीला कापसाची ओसरलेली तेजीही होती, असे अनेक इतिहासकार मानतात. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्याच १८७८ च्या नोव्हेंबरात मनोरा पूर्ण झाला. तेजीचा नफा शहरात दगडारूपाने स्थिरावला, मंदीचा तोटा खेड्यात कर्जरूपाने राहिला.

म्हणून दात्याचे श्रेय कमी होते असे नव्हे. सट्ट्यातील पैसा विद्येकडे वळविण्याची बुद्धी आजच्या किती धनिकांना होते? परंतु ज्यांच्या शेतातल्या बोंडांतून ही संपत्ती उपजली, त्यांचे नाव कोणत्याही शिलालेखावर नाही. २०१८ मध्ये या परिसराचा समावेश जागतिक वारशात झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि दगडांची डागडुजी केली म्हणजे वारसा जपला असे होत नाही. त्या शेतकऱ्याच्या मुलाला या ग्रंथालयापर्यंत पोहोचता येते काय, आणि पोहोचल्यावर त्याला हवा तो ग्रंथ मिळतो काय, हीच स्मारकाची खरी कसोटी आहे. मनोऱ्याचे ऋण विद्यापीठाने फेडावयाचे आहे ते याच मार्गाने.