घरचा अभ्यास आणि परीक्षेचा मुहूर्त

मुलाची मुंज कितव्या वर्षीं करावयाची, याचा विचार आपल्या घरांतून तें पाळण्यांत असल्यापासून चालतो. गर्भापासून आठवें वर्ष योग्य, तें चुकल्यास सोळाव्यापर्यंत सवड, अशी मर्यादा शास्त्रकारांनींच आंखून दिली आहे. परंतु जें मूल शाळेंत न जातां घरींच आईबापांजवळ शिकतें, त्यानें दहावीच्या नि बारावीच्या परीक्षेस केव्हां बसावें, याचा विचार बहुधा आयत्या वेळींच होतो. शाळेंतील मुलाची ही काळजी शाळा वाहते. घरीं शिकणाऱ्या मुलाची ती पालकांसच वाहावी लागते. आणि यवतमाळ, वणी, पुसद किंवा दारव्हा अशा ठिकाणीं राहून हा मार्ग धरणाऱ्या कुटुंबास तर ती मुंबई-पुण्याच्या कुटुंबाहून पुष्कळ आधीं वाहावी लागते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अभ्यास आणि परीक्षा या दोन निराळ्या वस्तू आहेत. शाळेंत त्या एकाच गाड्यास जुंपलेल्या असल्यामुळें आपणांस एकच वाटतात. घरीं शिकणारें बुद्धिमान मूल बाराव्या-तेराव्या वर्षीं दहावीचें बीजगणित संपवून अकरावीच्या गणितांत शिरतें, यांत नवल नाहीं. अशा वेळीं दोन प्रकारचे पालक दृष्टीस पडतात. एक म्हणतात, "अभ्यास झालाच आहे, तर परीक्षाही उरकून टाकूं." दुसरे म्हणतात, "ज्ञान मिळालें म्हणजे झालें. कागदाचा तुकडा हवा कशाला?" आमच्या मतें दोघेही चुकतात. पुढच्या अभ्यासास मुलाची तयारी हाच मुहूर्त. तो आला कीं एक दिवसही थांबूं नये. परीक्षेचा मुहूर्त मात्र मुलास पुढें ज्या दारांतून आंत जावयाचें आहे, त्या दारापासून उलट मोजीत यावा.

कागदाचा तुकडा नको म्हणणाऱ्यांचा विचार आधीं करूं. पंडिता रमाबाईंस आईवडिलांनीं घरींच संस्कृत शिकविलें, आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विद्येची परीक्षा सभेंत होत असे, त्या परंपरेचें तें शेवटचें तेज होतें. पुढें ती सत्ता सरकारमान्य परीक्षांकडे गेली. खुद्द यवतमाळांत वंगभंगाच्या चळवळीच्या काळांत राष्ट्रीय शिक्षण देणारी शाळा निघाली होती. सरकारची अवकृपा होऊन ती बंद पडली, आणि तेथील मुलांस पुढील शिक्षणाची वाट अन्यत्र शोधावी लागली.

अलीकडचें उदाहरण २०१६ सालचें आहे. मुंबईच्या एका मुलीस तिच्या आईनें सातवीच्या सुमारास शाळेंतून काढून घरीं शिकविलें. तिनें संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्यें तीन पदकें मिळविलीं; परंतु बारावीचें प्रमाणपत्र नसल्यामुळें आपल्या आय. आय. टी.चें दार तिला बंद राहिलें, आणि अमेरिकेंतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेनें तिला सन्मानानें घेतलें. हें उदाहरण सांगून पुष्कळजण प्रमाणपत्राची निरुपयोगिता सिद्ध करूं पाहतात. आम्हांस त्याचा अर्थ उलट दिसतो. प्रमाणपत्रावांचून दार उघडण्यास जागतिक स्पर्धेंतील पदकें लागलीं. बाकीच्या हुशार मुलांस ती साधी किल्लीच हवी.

आतां घाई करणाऱ्यांकडे वळूं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. आणि योगायोग असा कीं, घरीं शिकणाऱ्यांसाठीं परीक्षेचीं दारेंही चौदाव्या वर्षींच उघडतात. पहिलें दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचें. १९८९ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत दहावीसाठीं वयाचीं चौदा व बारावीसाठीं पंधरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पांच विषयांत उत्तीर्ण व्हावें लागतें, परंतु ते एकदम द्यावे लागत नाहींत. एकदां नांव नोंदविलें कीं पांच वर्षें आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, व सुटलेला विषय जमेस धरला जातो. परीक्षा वर्षांतून दोनदां होते, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत. दहावी मराठी माध्यमांतूनही देतां येते. दुसरें दार आपल्या राज्य मंडळाचें. फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसतां येतें. यवतमाळ जिल्हा त्यासाठीं अमरावती विभागीय मंडळाकडे मोडतो. येथील अभ्यासक्रम शेजारच्या शाळेंतलाच असल्यानें पुस्तकें व शिकविणारे गांवांतच मिळतात. मात्र थोडे थोडे विषय पांच वर्षांत उरकण्याची मोकळीक येथें नाहीं.

दहावी व बारावी यांमध्यें दोन वर्षांचें अंतर असावें लागतें, हा नियम घाई करणाऱ्यांनीं मनांत पक्का धरावा. मुक्त विद्यालयांत एक वर्षानंतर चार विषयांपर्यंत परीक्षा देतां येते. पांचवा विषय व प्रमाणपत्र दोन वर्षें भरल्यावरच. म्हणजे कितीही धांव घेतली तरी चौदाव्या वर्षीं दहावी व सोळाव्या वर्षीं बारावी, याहून लौकर कांहीं होत नाहीं. आणि सोळाव्या वर्षीं बारावी होऊन लाभ काय? मूल डॉक्टर व्हावयाचें असेल, तर ‘नीट’ परीक्षेस प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षें पुरीं असावीं लागतात. सोळाव्याला पोहोंचलेलें मूल दाराशीं ताटकळत बसतें.

अभियांत्रिकीची गोष्ट याहून नाजूक आहे. आय. आय. टी.च्या ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ परीक्षेस सध्यांच्या नियमांप्रमाणें लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच वेळां बसतां येतें, आणि तीं दोन वर्षें बारावीस प्रथम बसल्याच्या सालापासून धरलीं जातात. म्हणून कौतुकापोटीं पंधराव्या-सोळाव्या वर्षीं बारावीचा एखादा विषय देऊन टाकणें हें येथें महागांत पडूं शकतें. त्या सालचें माहितीपत्रक शब्दशः वाचल्यावांचून असें पाऊल टाकूं नये. नियम बदलतात, हेंही विसरूं नये. २०१८ सालीं ‘नीट’च्या सूचनापत्रकानें मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांस अपात्र ठरविलें होतें. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं तो निर्बंध रद्द केला. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २०२४ पर्यंत रेंगाळलें. इतकीं वर्षें कितीएक घरांतून काय काळजी असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां आपल्या जिल्ह्यापुरतें. विज्ञानाच्या विषयांस प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि ती कांहीं घरच्या ओट्यावर होत नाहीं. मुक्त विद्यालयांत नांव घालतांना जें अभ्यासकेंद्र निवडावें लागतें, तेथें प्रयोगशाळा खरोखर चालू आहे कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं स्वतः जाऊन पाहावें. जवळ सोय नसेल, तर अमरावतीस किंवा दीडशें किलोमीटरांवरील नागपुरास नातलगांकडे कांहीं आठवडे राहण्याची तजवीज वर्षभर आधीं करून ठेवावी. दुसरें, आपल्याकडचा एप्रिल-मे. भर उन्हांत परगांवच्या केंद्रावर पांच विषय देणें मुलाच्या प्रकृतीस झेपेल कीं कांहीं विषय दिवाळीच्या आगेंमागें देणें बरें, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ऑक्टोबरची संधी अशा वेळीं उपयोगी पडते. मात्र शेतकरी घर असल्यास तोच कापूस वेंचणीचा हंगाम, याचाही हिशेब ठेवावा.

एक नमुना देऊं. मुलगी बारा वर्षांची आहे व तिचें गणित वयापेक्षां दोन वर्षें पुढें आहे, असें समजा. तिला परीक्षेचें नांव न काढतां अकरावीचें गणित शिकूं द्यावें. चौदा वर्षें पुरीं झाल्यावर ऑक्टोबरांत दहावीचे दोन विषय, शक्य तर भाषा व सामाजिक शास्त्र, द्यावे. येणाऱ्या एप्रिलांत उरलेले तीन. बारावी सतराव्या वर्षीं. डॉक्टरकीकडे ओढा असेल तर इंग्रजी व एखादा सोपा विषय सोळाव्या वर्षींच उरकून शेवटचें वर्ष तीन शास्त्रांस मोकळें ठेवावें. आय. आय. टी.चा विचार असेल तर सर्व विषय एकाच वर्षीं द्यावे. वाङ्मय, इतिहास किंवा कायदा यांकडे कल असल्यास वरील बंधनें सैल होतात, आणि मुलीच्या सवडीनें विषय वांटून घेतां येतात.

मग मधल्या वर्षांत पुढचा अभ्यास कशाचा? त्याला तोटा नाहीं. २०१७ पासून चालूं झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर नववी ते बारावीचे पाठ आहेत. आय. आय. टी.च्या अध्यापकांचीं ‘एनपीटीईएल’वरील व्याख्यानें कोणीही विनामूल्य ऐकावीं, त्यास वयाची अट नाहीं. दारव्ह्याच्या घरांत बसून पंधरा वर्षांची मुलगी पदवीच्या वर्गाचें गणित शिकूं शकते, हें आपल्या आजोबांस स्वप्नवत् वाटलें असतें. ही मोकळीक हेंच घरच्या शिक्षणाचें खरें धन होय. परीक्षा लौकर उरकण्याच्या नादांत तेंच खर्ची पडतें.

उशीर झाला म्हणून हळहळणाऱ्यांस धोंडो केशव कर्व्यांचें चरित्र आठवून देतों. ते कोंकणांतील मुरुडहून घाट चढून पायीं साताऱ्यास परीक्षेला गेले, आणि वय पुरें असूनही दिसण्यांत लहान म्हणून त्यांस बसूं दिलें नाहीं. पुढच्या खेपेस ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक झाली ती १८८१ सालीं, तेविसाव्या वर्षीं. १८८४ सालीं ते पदवीधर झाले, आणि १९५८ सालीं शंभराव्या वर्षीं भारतरत्न. साताऱ्यास गेलेलें वर्ष पुढें कोणीं मोजलें?

तेव्हां पालकांनीं आज इतकेंच करावें. मुलाच्या जन्मतारखेचा दाखला हातीं घ्यावा, त्यावरील नांव आधारपत्राशीं अक्षरशः जुळतें कीं नाहीं हें पाहावें, आणि मुलास जवळ बसवून चौदा ते अठरा या वर्षांचें टिपण त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें. परीक्षेस बसावयाचें आहे तें त्याला. मुहूर्त काढतांना त्याचें मत घेतलेंच पाहिजे.