इंग्रजीचा निबंध आणि आपले विद्यार्थी

महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाला दरवर्षी शेकडो निबंध तपासावे लागतात. पण त्या निबंधांतून तो लिहिणारा विद्यार्थी त्याला क्वचितच भेटतो. शंभर वह्या उघडल्या तरी आतला मजकूर एकच असतो, आरंभीचे सुभाषित एकच आणि शेवटचा उपदेशही एकच. हे असे का होते आणि त्यात आपल्या वस्त्यांतून, खेड्यांतून आलेल्या मुलामुलींचे नेमके काय हरवते, याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. कथा, कविता, आत्मकथन यांवर आपण भरपूर बोललो. वर्गातला निबंध मात्र गाइडवाल्यांच्या हवाली करून मोकळे झालो.

मी बेसा येथे राहतो. नागपूरच्या दक्षिणेचे हे गाव एकेकाळी शेतीचे होते. आता तेथे लेआउट पडले आहेत आणि शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींवर सेंट्रिंगचे, गवंडीकामाचे, रंगाचे काम करणारी माणसे आजूबाजूच्या तालुक्यांतून आली. त्यांच्याबरोबर त्यांची मुले, भाचे, धाकटी भावंडे आली, खोली करून राहिली आणि शहरातल्या महाविद्यालयांत जाऊ लागली. त्यांतली आठ-दहा मुले रविवारी सकाळी माझ्याकडे इंग्रजीच्या वह्या घेऊन बसतात. या लेखातले बरेचसे त्या रविवारांतून आलेले आहे.

पहिल्याच वर्षी एका मुलीने मला तिची असाइनमेंटची वही दाखविली. विषय होता, थंड हवेच्या ठिकाणाला दिलेली भेट. निबंध निर्दोष होता. धुके होते, पाइनची झाडे होती, घोड्यावरची रपेट होती आणि हॉटेलच्या खिडकीतून दिसणारा सूर्योदयही होता. ही मुलगी उमरेड तालुक्यातली. दिवाळीच्या सुटीत ती आईबरोबर कापूस वेचायला जाते. मी विचारले, 'तू चिखलदऱ्याला तरी गेली आहेस का?' ती हसली. 'नाही सर. गाइडातलं हाय.' वहीवर लाल शाईने 'गुड' असा शेरा होता.

या शेऱ्याने तिला दोन गोष्टी शिकविल्या, आणि दोन्ही घातक होत्या. इंग्रजी ही दुसऱ्याच्या आयुष्याविषयी बोलायची भाषा आहे, ही पहिली. लिहिणे म्हणजे उतरवून काढणे, ही दुसरी. गाइडातला निबंध केवळ आळसामुळे येतो असे समजणे हा मुलांवर अन्याय आहे. ज्या विषयावर बोलण्यासारखे तिच्याजवळ काहीही नाही तोच विषय तिला दिला जातो, आणि ज्यावर तिच्याजवळ बोलण्यासारखे पुष्कळ आहे तो विषय निबंधाला योग्य नाही असे न सांगता सांगितले जाते. मग ती उतरवून काढील नाहीतर काय करील? अलीकडे गाइडाची जागा मोबाइलने घेतली आहे. विषय टाकला की यंत्र अर्ध्या मिनिटात निबंध लिहून देते. माध्यम बदलले, पण पाइनची झाडे जागची हलली नाहीत.

निबंध म्हणजे माहितीची गोळाबेरीज नव्हे, आणि सुंदर वाक्यांची माळही नव्हे. निबंध म्हणजे एखाद्या प्रश्नावर आपले म्हणणे मांडणे, त्याला आधार देणे, कोणी हरकत घेतली तर ती ऐकून तिला उत्तर देणे. ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तो एका शाळकरी मुलीचा निबंध होता, हे आपण विसरतो. तिने दुःख सांगितले आहे, पण नुसते सांगितलेले नाही. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा पेच तिने समोरच्याच्या विधानातून काढला आहे. त्या मुलीला हिल स्टेशनचा विषय दिला असता तर?

दुसरे उदाहरण अधिक थेट कॉलेजच्या असाइनमेंटचे आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे जे स्टॉल लागतात त्यांवर ही पुस्तिका आजही मिळते. आपण ती जातिव्यवस्थेच्या अभ्यासासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण निबंध कसा लिहावा हे शिकण्यासाठी ती वाचावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

त्यात बाबासाहेब काय करतात ते क्रमाने पाहावे. ऐकणारे अमेरिकन आहेत, त्यांना जात माहीत नाही. म्हणून आरंभी ते प्रदर्शनांचा आणि पाँपेईचे अवशेष पाहून आलेल्या प्रवाशाचा दाखला देतात. म्हणजे ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या जागेवरून त्याला आपल्या विषयाकडे आणतात. नंतर ते सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात आणि प्रत्येकीत काय कमी पडते ते दाखवितात. त्यांतही श्रीधर व्यंकटेश केतकरांशी त्यांनी घातलेला वाद मुद्दाम पाहण्यासारखा आहे. केतकरांचे श्रेय ते मोकळेपणाने मान्य करतात. परंतु केतकरांनी जातीची दोन लक्षणे म्हणून जे सांगितले, म्हणजे जातीबाहेर विवाहबंदी आणि जातीत जन्मणाऱ्यांनाच सभासदत्व, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे ते दाखवून देतात. येथे प्रतिस्पर्ध्याला शिवी नाही, आणि सवलतही नाही.

यानंतर त्यांचे स्वतःचे म्हणणे येते: जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. आणि मग ते एक साधा, जवळजवळ हिशेबी प्रश्न उभा करतात. गटाबाहेर लग्न बंद केले की गटातील स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर उरलेल्या स्त्रीचे काय करायचे, बायको मेली तर उरलेल्या पुरुषाचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींचा उलगडा ते या प्रश्नातून करतात. या रूढींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान पुष्कळ मिळते, त्यांचे कारण कोणी सांगत नाही, असे त्यांना दिसले होते. शेवटी, आपले मत टिकण्यासारखे नाही असे कोणी दाखविले तर ते सोडायलाही आपण तयार आहोत, असे ते सांगतात. ज्याला जातीचा चटका लहानपणापासून बसला आहे त्याने परक्या देशात, परक्या भाषेत जातीवर लिहावे, आणि आपला अनुभव एकदाही न मांडता तो प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी ठेवावा, ही साधी गोष्ट नाही. अनुभवाने त्यांना कोणता प्रश्न विचारायचा हे सांगितले. उत्तर मात्र त्यांनी पुराव्याने दिले. आपल्या मुलांना निबंधात अनुभव लिहू द्या असे मी म्हणतो तेव्हा मला एवढेच म्हणायचे असते. नुसती हळहळ मला नको आहे.

त्याच न्यूयॉर्क शहरात, हार्लेममधील सिटी कॉलेजात, ५३ वर्षांनंतर आपल्याला जवळची वाटेल अशी एक घटना घडली. कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये संप करून कॉलेज बंद पाडले, आणि १९७० पासून शहराच्या विद्यापीठाला आपली दारे शहरातील शालान्त उत्तीर्ण मुलांना खुली करावी लागली. ज्यांना लिहिणे कधी नीट शिकविलेच गेले नव्हते अशी हजारो मुले वर्गात आली. गुणवत्ता बुडाली, अशी ओरड झाली. (ही ओरड आपल्याकडे वेगळ्या भाषेत करावी लागत नाही, ती तशीच चालते.) तेथील प्राध्यापिका मीना शॉनेसी यांनी ओरड केली नाही. त्यांनी या मुलांचे सुमारे ४,००० निबंध घेतले, त्यांतल्या चुका तपासल्या आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की चुका आंधळ्या नसतात. प्रत्येक चुकीमागे लिहिणाऱ्याचा काही एक तर्क असतो. तो शोधला तर चूक दुरुस्त होते. नुसती लाल रेघ मारली तर मूल लिहिणेच बंद करते.

हे मी आमच्या रविवारच्या वह्यांना लावून पाहिले. आमची मुले 'ऑल्दो' लिहिले की पुढे हमखास 'बट' लिहितात. का? मराठीत 'जरी' आले की 'तरी' यावेच लागते. ती मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतात. 'मॅरिड विथ' लिहितात, कारण मराठीत लग्न कोणा'शी' होते. 'डिस्कस अबाउट' लिहितात, कारण चर्चा एखाद्या गोष्टी'विषयी' करायची असते. 'अ' आणि 'द' गाळतात, कारण मराठीला त्यांची गरजच नाही. 'माय मदर इज गोज' हे वाक्य तर सर्रास. शाळेत इंग्रजीचे पहिले वाक्य 'धिस इज' असे गिरविलेले असते. 'इज' नसेल तर ते इंग्रजी वाक्यच नव्हे, अशी मुलाची समजूत होते. ही समजूत उलगडून सांगितली की ते वाक्य आठ-पंधरा दिवसांत सुधारते. दहा वर्षे लाल शाईने जे झाले नाही ते होते.

मराठी साहित्यात शुद्ध-अशुद्धाचा वाद आपण लढलो, बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु आपल्यातलाच प्राध्यापक इंग्रजीच्या वर्गात गेला की तो सर्वांत कडक सोवळे पाळू लागतो, हे मी पाहिले आहे. मी स्वतःही ते पाळले आहे. याचा अर्थ व्याकरण शिकवू नये असा नाही. अर्जावर, मुलाखतीत, स्पर्धा परीक्षेत आपल्या मुलांच्या चुकांना कोणी तर्क शोधत बसणार नाही. तेथे चूक म्हणजे चूकच, आणि आडनावाबरोबर मोजली जाणारी चूक. म्हणून व्याकरण आलेच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी म्हणणे, मग रचना, शेवटी भाषेची सफाई. आपण सफाईपासून सुरुवात करतो आणि तेथेच वर्ष संपते.

मघाच्या मुलीकडे परत येतो. पुढच्या सत्रात तिला 'स्त्री-सबलीकरण' हा विषय मिळाला. पहिला खर्डा अर्थातच गाइडाचा: स्त्री ही राष्ट्राची माता वगैरे. मी वही मिटायला लावली आणि विचारले, 'तुझ्या गावात निंदणाला बाईला रोजी किती, गड्याला किती?' तिने सांगितले, बाईची कमी. 'का कमी?' 'बायांचं काम हलकं असते म्हणतेत.' थोडे थांबून म्हणाली, 'सर, हे इंग्रजीत लिवलेलं चालन का?'

दुसरा खर्डा तिने मराठीत लिहिला. माझाच आग्रह होता. विचार एका भाषेत आणि शब्दांची शोधाशोध दुसऱ्या भाषेत, अशी दोन कामे एकदम केली की दोन्ही फसतात. त्या खर्ड्यात आईचे कष्ट होते, राग होता, युक्तिवाद नव्हता. मी तिला मालकाच्या बाजूने बोलायला सांगितले. ती म्हणाली, डवरणी जड, निंदण हलके, म्हणून रोजी वेगळी. मग मी विचारले, गडी निंदणाला आला तर त्याला कोणती रोजी मिळते? तिला माहीत नव्हते. तिने वडिलांना फोन केला. गडी निंदणाला आला तरी त्याला गड्याचीच रोजी मिळते, असे वडील म्हणाले. ती काही वेळ वहीकडे बघत बसली. काम हलके म्हणून रोजी कमी, हे कारण तेथेच कोसळले होते आणि ते तिने पाडले होते. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला, हे मी सांगितले. ग्रामपंचायतीने काढलेल्या रोजगार हमीच्या कामावर आईबापांना दर एकच मिळाला होता, ही आठवण तिची.

तिसरा खर्डा इंग्रजीत, दीड पानाचा. वाक्ये आखूड. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात मालकाचे म्हणणे, तिसऱ्यात वडिलांनी दिलेली माहिती, चौथ्यात कायदा आणि तो शेताच्या बांधावर का पोचत नाही याचा तिचा अंदाज. 'निंदण'ला नेमका इंग्रजी शब्द आम्ही शब्दकोशात शोधला. वाक्यांत पाच-सहा चुका राहिल्या. त्यांतल्या तीन मी जाणून ठेवल्या, कारण त्या दिवशी तिने पुष्कळ काम केले होते.

वर्गात त्या निबंधाला गाइडवाल्या निबंधापेक्षा कमी गुण पडले. शेरा होता, 'विषयाला सोडून'. त्या तपासनिसाला मी दोष देत नाही. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावणाऱ्या माणसाने एवढ्या वह्यांचे ढीग उपसायचे म्हटल्यावर ओळखीचा निबंध त्याला सोयीचा वाटणारच. अनोळखी निबंध वाचावा लागतो. म्हणून मुलांनी परीक्षेपुरते काय लिहावे, हा प्रश्न मला पालक विचारतात तेव्हा मी टाळाटाळ करीत नाही. मी सांगतो की गाइडाचा साचा अर्ध्या तासात शिकता येतो आणि तो शिकून ठेवावा. पण उरलेले तास त्यावर घालवू नयेत. मुलगी गुणांमुळे नाराज झाली, दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती वेगळीच शंका घेऊन. बायांची टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमिणीला कोणती रोजी मिळते, बाईची की गड्याची, हे तिने निबंधात लिहिलेच नव्हते. पोळ्याला गावी जाईन तेव्हा तिलाच विचारून येते, म्हणाली, आणि चौथा खर्डा लिहायला वही मागून घेतली.