पंधरा दिवसांची रजा आणि हिमालय : छोट्या पदभ्रमणाचे नियोजन कसे करावे?

एडिसन : न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या भारतभेटीचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. मुंबई किंवा पुणे, आजी-आजोबांचा सहवास, एखादे लग्न, खरेदी आणि जमल्यास कोकण. या आराखड्यात हिमालयातील चार-पाच दिवसांचे पदभ्रमण बसवण्याची इच्छा अनेकांना असते. ती अवाजवी नाही. केदारकांठा, हर की दून, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स किंवा सांदकफू या वाटांसाठी गिर्यारोहणाचे तंत्र अवगत असावे लागत नाही. मात्र पंधरा दिवसांच्या रजेत सगळे कोंबण्याच्या घाईत नेमके तेच दिवस कापले जातात, जे डोंगरात जिवाची हमी असतात. म्हणून नियोजनाची सुरुवात नकाशापासून नव्हे, दिनदर्शिकेपासून करावी.

सुट्टी आणि ऋतू यांचे गणित

न्यू जर्सीतील शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत असते. हिमालयाच्या दक्षिण उतारांवर हा काळ पावसाचा. दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. या काळात दोन प्रकारची ठिकाणे उरतात. पहिले उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. हे राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुले असते आणि फुलांचा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे ऐन पावसात. आत मुक्कामास मनाई असल्याने घांघरियाला राहून दिवसा जाऊन यावे लागते. दुसरी ठिकाणे पर्जन्यछायेतील, म्हणजे लडाख आणि स्पिती. पण लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तेथे विमानाने थेट उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घेणे अनिवार्य समजावे.

नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडातील केदारकांठा (सुमारे ३,८१० मीटर) हा स्वाभाविक पर्याय ठरतो. बर्फ असते, वाट मळलेली असते. परंतु त्याच आठवड्यात तेथे सर्वाधिक गर्दीही असते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे विमाने तासन्‌तास रखडतात. हवामानाच्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा काळ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. नोव्हेंबरच्या आरंभी शिक्षक-अधिवेशनानिमित्त शाळांना मिळणारे दोन दिवस रजेला जोडता आले, तर त्याचा अवश्य विचार करावा.

सह्याद्रीचा अनुभव येथे अपुरा का पडतो

महाविद्यालयीन दिवसांत राजगड-तोरणा केलेल्या, यूथ हॉस्टेलबरोबर सरपास पाहिलेल्या पिढीला डोंगराची भीती वाटत नाही. ही जमेची बाजू खरी. पण कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे आहे. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. सह्याद्रीत घोटे आणि गुडघे तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. शिवाय सरपास विसाव्या वर्षी पार केला म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी शरीर तसेच वागेल, असे नाही.

सुमारे ३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ-पासष्ट टक्केच असतो, आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. तंदुरुस्तीने हा वेळ वाचत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंची बाधू शकते. म्हणून वैद्यकीय संकेत असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे.

हाच निकष लावून कार्यक्रमपत्रिका वाचावी. केदारकांठ्यासाठी सांकरी (सुमारे १,९५० मीटर) येथून निघाल्यावर पहिला मुक्काम जुडा का तालाब येथे सुमारे २,७५० मीटरवर आणि पुढचा शिखराच्या पायथ्याशी सुमारे ३,४०० मीटरवर असेल, तर ती चढण संकेताच्या काठावर आहे, हे ध्यानात येईल. मधे एक मुक्काम वाढवणारी संस्था अधिक पैसे घेत असेल, तर ते सत्कारणी लागले असे समजावे.

डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश ही प्राथमिक लक्षणे. ती असताना वर जाऊ नये. तोल जाणे, असंबद्ध बोलणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही मेंदूत वा फुप्फुसात पाणी साचल्याची खूण असू शकते. अशा वेळी रात्र असली तरी खाली उतरणे हाच खरा उपचार. ॲसेटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते; सल्फाची ॲलर्जी, रक्तदाब, हृदयविकार यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे.

एकाच घरात दोन नियम

येथील अनेक घरांत एकाकडे भारतीय पासपोर्ट, दुसऱ्याकडे अमेरिकन पासपोर्ट व ओसीआय, आणि मुले जन्माने अमेरिकन, अशी स्थिती असते. डोंगरात याचा परिणाम होतो. भारत सरकारच्या मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकांना संरक्षित व प्रतिबंधित क्षेत्रांत जाण्यासाठी, तसेच गिर्यारोहणासाठी विशेष परवानगी लागते. त्यामुळे सिक्कीम किंवा लडाखातील नुब्रा-पँगाँगसारख्या भागांत भारतीय पासपोर्टवरील पती आणि ओसीआयधारक पत्नी यांची कागदपत्रे वेगळी असतात. परदेशी नागरिकांना ही परवानगी सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फत आणि किमान दोन जणांच्या गटाला मिळते. प्रवेशशुल्कही परदेशी पासपोर्टला अनेक ठिकाणी जास्त असते.

आणखी एक सावधगिरी. कॅट्स्किल किंवा ॲडिरॉन्डॅकमध्ये वापरले जाणारे, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे गार्मिन इनरीचसारखे उपकरण सामानात टाकू नये. भारतात परवान्याविना उपग्रह संदेशयंत्र बाळगणे बेकायदा आहे आणि त्यापायी परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेण्यात आले आहे.

जुन्या छायाचित्रांवरून वाट निवडू नये, हेही सांगायला हवे. रूपकुंडचे आकर्षण अनेकांना असते. परंतु उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि त्या वाटेचे नेहमीचे वेळापत्रकच कोलमडले.

संस्थेला कोणते प्रश्न विचारावेत

जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या परिसरात सहस्रतालच्या वाटेवर बहुतांशी कर्नाटकातील असलेला २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला आणि त्यांतील नऊ जण मृत्युमुखी पडले. सुमारे ४,४०० मीटर उंचीवर हवामान बिघडले की परतीचा निर्णय तासाभराने लांबणेही जिवावर बेतते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पुढील बाबी लेखी विचाराव्यात : किती जणांमागे एक मार्गदर्शक? त्याने मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतले आहे काय? प्राणवायूचे सिलिंडर आणि ऑक्सिमीटर सोबत असतात काय? सर्वांत उंच मुक्कामावरून गाडीरस्ता किती तासांवर? हवामान बिघडल्यास परतण्याचा निर्णय कोण घेतो? शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर न देणारी संस्था टाळावी.

विमाही याच टप्प्यावर पाहावा. नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यात हिमालयातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च असेलच असे नाही. प्रवासविमा घेताना त्यात उंचीची मर्यादा किती मीटरची आहे, ते तपासावे. ३,००० मीटरवर संपणारा विमा येथे निरुपयोगी होय.

पंधरा दिवसांची वाटणी

एडिसन जवळजवळ समुद्रसपाटीलाच. येथून निघालेल्याच्या शरीराचे घड्याळ भारतात साडेनऊ किंवा साडेदहा तासांनी चुकलेले असते. तेव्हा उतरल्या दिवशीच डेहराडूनची गाडी पकडणे टाळावे. पहिले पाच दिवस घरच्यांसोबत घालवावेत. झोप ताळ्यावर येते आणि आजी-आजोबांचा रुसवाही राहत नाही. सहाव्या दिवशी डेहराडून. सातव्या दिवशी सांकरी. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरचे असले तरी घाटरस्त्यामुळे आठ-दहा तास जातात. आठ ते बारा हे पाच दिवस डोंगराचे. तेरावा परतीचा. उरलेले दोन दिवस राखीव ठेवावेत, त्यांवर कोणतेही आमंत्रण स्वीकारू नये. व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख असणाऱ्यांनी पासपोर्ट हातात येईपर्यंत डोंगराचे आरक्षणच करू नये.

तयारीला किमान दहा आठवडे द्यावेत. डेलावेअर वॉटर गॅपजवळील माउंट टॅमनीची चढण चारशे मीटरच्या आतबाहेर आहे. पाठीवर सहा-सात किलोंची पिशवी घेऊन ती लागोपाठच्या दोन दिवशी चढता-उतरता आली, तर पाय तयार आहेत असे समजावे. बूट नवे घेतले असतील तर ते येथेच वापरून मऊ करावेत.

घरातील सर्वांनी निघण्यापूर्वीच ठरवावे की, एकाला त्रास झाला तर सोबत कोण उतरेल. मुलांसमोर, अर्ध्या वाटेवर, दमलेल्या अवस्थेत हा निर्णय घेणे कठीण जाते. एडिसनच्या जेवणघरात बसून तो पाच मिनिटांत होतो.