पत्नीच्या नावे भविष्य निर्वाह निधी आणि आयकर

आपल्या व्यवसायात निवृत्तिवेतन नाही; चिकित्सालय बंद झाले की मिळकतही थांबते. रिसोड-मानोऱ्यासारख्या ठिकाणी मागल्या खोलीत चूर्णाच्या पुड्या बांधणारी सहधर्मचारिणी तर कोणत्याच हजेरीपटावर नसते. तिच्या वार्धक्याची तरतूद व्हावी आणि करही वाचावा, म्हणून तिच्या नावे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, पैसे भरण्याचा सल्ला वैद्यबंधूंना मिळतो.

सल्ला निराधार नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-सी अन्वये पती वा पत्नीच्या खात्यात भरलेल्या रकमेची वजावट भरणाऱ्यास मिळे. आई-वडिलांच्या खात्यास ती सवलत नव्हती. २०२५ च्या कायद्यात ही तरतूद कलम १२३ मध्ये आली आहे. मर्यादा सर्व गुंतवणुका मिळून दीड लाख रुपये. पत्नीस दिलेल्या पैशाचे उत्पन्न एरवी पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते; या निधीचे व्याजच करमुक्त असल्याने ती अडचण उरत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मात्र पत्नीच्या खात्यातील भरण्याची वजावट पतीस मिळत नाही.

तथापि ही वजावट केवळ जुन्या करप्रणालीत आहे, आणि येथेच हिशेब उलटतो. साठ वर्षांखालील वैद्याची वार्षिक जमा १६ लाख धरू. अनुमानित पद्धतीने तिच्या निम्मे, म्हणजे ८ लाख, उत्पन्न झाले. जुन्या प्रणालीत कर ७५,४०० रुपये. पत्नीच्या खात्यात दीड लाख भरल्यास ४४,२००. वाचले ३१,२००! नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून एवढ्या उत्पन्नावर कर शून्य आहे. व्यावसायिक उत्पन्न १२ लाखांपर्यंत असले तरी तो लागत नाही. मोठ्या गृहकर्जाचे व्याज भरणाऱ्या, अधिक उत्पन्नाच्या वैद्यांनीच जुनी प्रणाली तपासून पाहावी. तीही सावधपणे, कारण व्यावसायिकास नवी प्रणाली एकदा सोडून परत आल्यावर पुन्हा सोडता येत नाही.

मग खाते उघडू नये काय? आमच्या मते अवश्य उघडावे, कराचा विचार बाजूस ठेवून. पत्नीच्या खात्यास दरसाल दीड लाखाची स्वतंत्र मर्यादा असते, किमान भरणा ५०० रुपये, मुदत १५ वर्षे. तिच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमाने ही रक्कम जप्त होत नाही. भरणा एकरकमी हवा असेही नाही. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन विकले गेले की रुग्णांकडील उधारी येऊ लागते, तीतूनही थोडे थोडे भरता येते. व्याज दरमहा ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर धरतात. तेव्हा पैसे ५ तारखेच्या आत जमा करावेत.