गुळाचा हिशेब

नाव अशोकाचं, पण अशोकारिष्टात सालीपेक्षा गूळच जास्त पडतो. भैषज्यरत्नावलीच्या पाठाप्रमाणे ४.८ किलो सालीला ९.६ किलो गूळ, म्हणजे बरोबर दुप्पट. भरडलेली साल सुमारे ४९ लिटर पाण्यात उकळून चतुर्थांश काढा उरवतात. तो गाळून निवला की गूळ विरघळवायचा, धायटीची फुलं आणि जिरे, सुंठ, नागरमोथा, त्रिफळा वगैरेंची भरड घालून भांड्याचं तोंड बांधायचं. मग आठवडेच्या आठवडे आत आंबणं चालतं. भांड्याला कान लावला तर बुडबुड्यांचा आवाज येतो. तोंडाशी धरलेली पेटती काडी विझली, तर वायू अजून निघतो आहे आणि संधान अजून व्हायचं आहे. तयार अरिष्टात पाच ते दहा टक्के मद्यार्क असतो, तोही याच गुळातून आलेला.

‘पाळीचं औषध घेतलं आणि अंग सुटलं’ ही तक्रार या मापांवर तपासून पाहावी. रोज ४० मिली अरिष्टामागे मुळातला साधारण २० ग्रॅम गूळ, म्हणजे पाऊणशे ते ऐंशी कॅलरी. एक छोटी पोळी. आंबल्याने त्या फारशा घटत नाहीत, कारण मद्यार्कालाही कॅलरी असतात. तीन महिन्यांत सातेक हजार होतात आणि किलोभर चरबीला सुमारे ७,७०० लागतात. म्हणजे बाकी आहार तोच राहिला, तर फार तर किलोभर. चार-पाच किलोंचं खापर या बाटलीवर फुटू नये. शतावरी कल्पाचं गणित वेगळं, त्यात मुळात साखरच जास्त आणि वर कपभर दूध.

यावर म्हणतील, साल हार्मोन हलवते, वजन त्यानेच वाढतं. नुसत्या सालीने बाईचं वजन वाढतं, याला भरवशाचा पुरावा नाही. (बाजारात सीता-अशोकाच्या नावाखाली खोट्या अशोकाची साल खपते, तेव्हा नेमक्या कोणत्या सालीबद्दल बोलायचं हाही प्रश्नच.) शिवाय पाळीआधी अंगात पाणी साठून काटा पुढे सरकतो, म्हणून वजन चक्राच्या त्याच दिवशी करून ताडावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अंगावरून फार जाऊन खंगलेल्या बाईची भूक परतली आणि वजन वाढलं, तर बिघडलं काय? काहीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यातल्या अशक्त बाईला तो किलो हवाच आहे, फक्त रक्त तपासून लोह वेगळं द्यावं लागतं. पीसीओएसमध्ये मात्र वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. अशोक परंपरेने अतिस्रावासाठी दिला जातो. दोन-दोन महिने पाळी न येणाऱ्या स्थूल मुलीला तोच गुळात घालून देण्यामागे ना जुनं शास्त्र आहे, ना नवं.