तोंड हललं की आतडं हलतं

सिझर झालेल्या बाईच्या खाटेशी डॉक्टर आले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘गॅस पास झाला का?’ आई, सासू, शेजारच्या खाटेवरची माणसं, सगळ्यांच्या देखत. लाजायची सोयच नाही, कारण चहा-बिस्किट मिळणार की सलाइनवरच राहायचं, हे अनेक ठिकाणी याच उत्तरावर ठरत आलं आहे.

पोट उघडलं की आतड्यांची हालचाल मंदावते. शस्त्रक्रियेच्या ताणाने चेतातंतू आतड्यांना लगाम घालतात, हाताळणीने थोडी सूज येते आणि मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं त्यात भर घालतात. पण सगळं आतडं एकदम जागं होत नाही. लहान आतडं काही तासांतच कामाला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी सावरतं. गॅस सुटणं हे या शेवटच्या गड्याचं काम. त्याच्यासाठी ओल्या बाळंतिणीला उपाशी ठेवायचं, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

यावरचा एक उपाय ऐकून आजीने कपाळावर हात मारला असता : च्युइंगम. २००२ मध्ये जपानी शल्यविशारदांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो रुग्णांना चघळायला दिला. त्यामागचं तत्त्व रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉवच्या काळापासून ठाऊक होतं. त्याच्या प्रयोगांत कुत्र्याने गिळलेला घास गळ्याच्या छिद्रातून बाहेर पडे, तरी जठरात पाचकरस झरे. चावणं सुरू झालं की मेंदू व्हेगस चेतातंतूमार्फत पोटाला निरोप धाडतो; घास पोचलाच पाहिजे असं नाही.

सिझरनंतर गम देऊन पाहिलेल्या १७ चाचण्यांचा एकत्रित कोक्रेन आढावा २०१६ मध्ये आला. त्यात ३,१४९ बायका होत्या. गम चघळणाऱ्यांचा गॅस सरासरी सात तास आधी सुटला. बहुतेक ठिकाणी दिवसातून तीनदा, अर्धा तास वगैरे चघळायला दिलं होतं. मात्र पुरावा कमकुवत आहे. कुणाला काय दिलं हे रुग्णाला कळू नये तर चाचणी चोख; पण आपण गम चघळतोय हे कुणापासून लपवणार? शिवाय बिनसाखरेच्या गममधलं सॉर्बिटॉल स्वतःच पोट सैल करतं, मग श्रेय चघळण्याचं की त्याचं?

त्यापेक्षा जेवायलाच द्यावं. सिझरनंतर दोन तासांत नेहमीचा आहार सुरू करावा, असं शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठी काम करणाऱ्या ‘इरास’ सोसायटीच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. असं लवकर खायला मिळालं तर गमची फारशी गरज उरत नाही. जेवण लांबणारच असेल तर तो जरूर द्यावा, असंही त्या म्हणतात. पोट फुगत चाललं असेल, उलट्या होत असतील, तर मात्र गम नको, जेवणही नको. आधी डॉक्टरांना बोलवा.